शहाळं गेटवर का अडवतात?

मागच्या महिन्यात मी या पानावर लिहिलं होतं, घरातलं कुणी ॲडमिट झालं की जे प्रश्न पडतात ते पाठवा. पत्रं आली, पण निम्मी प्रश्नांची आणि निम्मी भांडणांची. वॉचमनशी झालेलं भांडण, सिस्टरशी झालेलं भांडण, सासूबाईंच्या उशाशी रात्री कोण थांबणार यावरून नणंदेशी झालेलं भांडण. महापालिकेच्या रुग्णालयात माझी ३४ वर्षं गेली, त्यातली शेवटची ११ मेडिकल वॉर्डाची सिस्टर इन्चार्ज म्हणून. तेव्हा या भांडणांतली समोरची बाई बरेचदा मीच असणार. निवृत्तीनंतर गुडघा बदलून घेतला तेव्हा पाच दिवस एका खासगी रुग्णालयात पडून होते, पलंगावरचा अनुभव तेवढाच. दोन्हीकडून जे दिसलं ते लिहिते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : माझे चुलत सासरे मूत्रपिंडाच्या आजाराने ॲडमिट आहेत. आम्ही सहा जण चार शहाळी घेऊन भेटायला गेलो. गेटवर एका पासावर एकालाच सोडलं आणि वॉचमनने शहाळी ठेवून घेतली. शहाळं कधी कुणाला बाधलंय का? आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं तरी कसं? (गिरगाव)

उत्तर : बाधतं. तुमच्या सासऱ्यांना बाधायची तर पुरेपूर शक्यता होती.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, एका पेल्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. तुमचं-माझं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकतं. ज्याचं मूत्रपिंड थकलंय त्याच्या रक्तात ते साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. एका रविवारी भेटीची वेळ संपल्यावर मी डायलिसिसवरच्या एका काकांची नाडी बघायला गेले, तर ३५. ईसीजी काढला, हाऊसमन (वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर) धावत आला, कॅल्शियमचं इंजेक्शन झालं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि रात्री अकराला डायलिसिस. काका वाचले. पलंगाखाली तीन रिकामी शहाळी होती, स्ट्रॉसकट. पुतण्या म्हणाला, "सिस्टर, आम्ही नुसतं पाणी पाजलं हो." तो खोटं बोलत नव्हता.

आणि त्याच दिवशी समोरच्या खाटेवर जुलाबांनी गळून गेलेल्या एका मुलाला डॉक्टरांनी स्वतः शहाळं सांगितलं होतं! म्हणून ‘शहाळं चालतं का’ असं विचारू नका, ‘या पेशंटला चालतं का’ असं विचारा. मोसंबीचा रस, केळी, सुका मेवा, टोमॅटोचं सूप, सगळ्यांचं तेच. केसपेपरवर डाएट लिहिलेला असतो, सिस्टर वाचून सांगते. वॉचमनला यातलं काही ठाऊक नसतं. ‘खायचं काही आत सोडू नको’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं, त्यामुळे त्याच्याशी पोटॅशियमवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता सहा जणांचं. माझा वॉर्ड ४० खाटांचा. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यू-लेप्टो सुरू झाले की जमिनीवरच्या गाद्या धरून ६० पेशंट. प्रत्येकाकडे सहा जण आले तर ३६० माणसं, त्यांच्या ओल्या छत्र्या आणि ओल्या चपला. त्या चिखलावरून सलाईनचा स्टँड ढकलत बाथरूमला जाणारा म्हातारा घसरला, तर त्याचं खुब्याचं हाड मोडतं. चार ते सहा हा भेटीचा वेळ आम्ही डॉक्टरांच्या सोयीने ठरवतो असं लोकांना वाटतं. थोडं खरंही आहे ते. पण दोन तासांनंतर वॉर्ड पुसायचाही असतो.

रिकाम्या हाताने जाऊ नका. डबा न्या, पण पेशंटसाठी नाही. त्यांच्याजवळ चार दिवस बसून असलेल्या तुमच्या चुलत सासूबाईंसाठी न्या. त्या कॅन्टीनच्या वडापाववर दिवस काढत असणार. आणि सहा जण गेलाच आहात तर एकाने वर थांबा, म्हणजे त्यांना घरी जाऊन अंघोळ करता येईल.

प्रश्न : वडिलांची सलाईन रात्री दोन वाजता संपली. बेल दाबून दहा मिनिटं झाली तरी सिस्टर आली नाही. नळीतून हवा आत शिरेल या भीतीने मी चाक फिरवून बंद केलं, तर ती माझ्यावरच ओरडली. माझं चुकलं का? (चेंबूर)

उत्तर : बंद केलंत यात मोठं काही बिघडलं नाही. ती ओरडली, कारण उद्या तुम्ही ते चाक उघडाल अशी तिला भीती.

बाटली संपली म्हणजे पुढच्या क्षणी हवा काळजात शिरते ही समजूत घरोघरी आहे. साध्या टांगलेल्या बाटलीत तसं होत नाही. नळीतलं पाणी खाली येतं आणि हाताच्या शिरेतला दाब त्याला अडवतो, तिथे ते थांबतं. फार तर थोडं रक्त नळीत उलटं चढतं, गोठतं आणि सुई जाम होते. मग नवी शीर शोधावी लागते, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टोचणं आलं. म्हणून दोन बोटं पाणी उरलं की सांगायला या. बेल बिघडलेली असते, चालत या.

चाक उघडणं मात्र कधीच नाही. एका मुलाने बापाचं चाक पूर्ण सोडलं होतं. डिस्चार्ज होता, "ही शेवटची बाटली एकदाची संपू दे" म्हणून. दोन तासांत जायचं पाणी वीस मिनिटांत गेलं. बापाचं हृदय आधीच अशक्त, फुप्फुसात पाणी भरलं, आणि घरी जायच्या ऐवजी ते आयसीयूत गेले. थेंब मोजून सोडलेले असतात, आणि काही बाटल्यांत औषध मिसळलेलं असतं, ते वरून दिसत नाही.

हवेपेक्षा हाताकडे लक्ष द्या. सुईच्या जागी सूज, लाली, जळजळ किंवा ओल दिसली तर रात्री दोनला काय, साडेतीनलाही उठवा. आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे. एक्स-रेला नेताना मामा (वॉर्डबॉय) ती व्हीलचेअरवर पेशंटच्या मांडीत ठेवतात, भेटायला आलेले बसायला जागा करताना गादीवर टाकतात. पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतूही जातात. तिथे तुम्ही खुशाल ओरडा.

त्या दहा मिनिटांबद्दल : रात्री माझ्या वॉर्डात आम्ही दोघी असायचो. ६० पेशंट. एक सिरियस झाला की दोघी त्याच्याकडे. हे कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही.

प्रश्न : अतिदक्षता विभागात फुलं आणि देवाचा अंगारा का नेऊ देत नाहीत? श्रद्धेचं काही महत्त्व नाही का? (दहिसर)

उत्तर : फुलदाणीतल्या पाण्यात दुसऱ्या दिवशीपासून जंतू वाढतात, आणि आतल्या माणसाच्या अंगात मानेतून, नाकातून, लघवीतून नळ्या घातलेल्या असतात. फुलं नकोच. अंगाऱ्याची पुडी उशीखाली ठेवायला मी कधी नाही म्हटलं नाही, फक्त ती उघडून कपाळाला लावायची नाही, राख नळीच्या पट्टीवर पडते. उदबत्ती आणि निरांजन तर कुठल्याच वॉर्डात नको. शेजारी ऑक्सिजन चालू असतो.

प्रश्न : जावेचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मंगळसूत्र काढायला सांगितलंय, ती ऐकत नाही. शिवाय रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही म्हणे. तिला ॲसिडिटी आहे, सकाळी घोटभर चहा दिला तर? (लालबाग)

उत्तर : चहाचं आधी. दूध घातलेला चहा हा पोटाच्या हिशेबी पाणी नाही, जेवण आहे. तो पोटातून पुढे सरकायला सहा तास धरतात. भूल दिली की गिळण्याचा-खोकण्याचा ताबा सुटतो, पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं. त्याने होणारा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा वाईट. साधं पाणी बरेच भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालू देतात, पण ते त्यांनाच विचारा, त्यांना पेशंटचं पोट माहीत असतं. देवाच्या तीर्थाच्या पळीचंही त्यांनाच विचारा. पंचामृताचं विचारायलाही नको, त्यात दूध-दही असतं. एका सासूबाईंनी पहाटे पाचला सुनेची कणव येऊन कपभर चहा पाजला आणि आठच्या ऑपरेशनच्या वेळी कबूल केलं. ऑपरेशन रद्द झालं, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. सून त्यांच्याशी बोलेना. मला विचाराल तर त्या बाईंनी कबूल केलं ही मोठी गोष्ट केली. काही खाल्लं-प्यायलं गेलंच तर लपवू नका.

मंगळसूत्राचं कारण असं, की ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या विजेच्या उपकरणाने डागतात. अंगावर धातू असला तर तिथे चटका बसू शकतो. बांगडी-अंगठीला सूज हे दुसरं कारण आणि सोनं हरवणं हे तिसरं. जाऊबाईंशी वाद घालू नका. आम्ही बायकांना सांगायचो, डॉक्टरांची हरकत नसेल तर सोनं काढून नुसत्या दोऱ्यात ओवलेले काळे मणी मनगटाला बांधा, वरून चिकटपट्टी लावतो. दहातल्या नऊ जणी तयार व्हायच्या. सोनं नवऱ्याच्या किंवा तुमच्या हातात, रजिस्टरवर सही करून. उशीखाली नाही, साडीच्या गाठीत नाही. नखांचा रंगही काढा. बोटाला लावतात ती चिमटी नखातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजते, गडद रंगाने आकडा चुकतो. कवळी असेल तर तीही घरच्यांच्या हातात द्या, आणि डबीवर नाव लिहा. कागदात गुंडाळून ठेवलेली कवळी वॉर्डातली मावशी (आया) कचऱ्यात टाकते, यात तिचा दोष नाही.

प्रश्न : ७८ वर्षांचे सासरे न्यूमोनियाने आयसीयूत आहेत. सकाळी ओळखतात, पण संध्याकाळ झाली की मला चोर म्हणतात, मी त्यांचं घड्याळ पळवलं असं सिस्टरना सांगतात. काल नळी ओढून काढली म्हणून त्यांचे हात बांधले. त्यांना वेड लागलंय का? मी २२ वर्षं त्यांचं केलंय हो. (विलेपार्ले)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

वेड लागलेलं नाही. याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, काही झोपेच्या गोळ्या, यांपैकी कशानेही वय झालेल्या मेंदूचा तोल जातो. त्यात आयसीयूत खिडकी नाही, दिवे रात्रभर चालू, मशीन वाजतंय, चष्मा घरी. दिवस की रात्र ते कळायला मार्ग नाही. सकाळी शुद्धीत आणि संध्याकाळी भ्रमात, हे वर-खाली होणं हीच त्याची खूण. बऱ्याच जणांचं मूळ आजार उतरला की काही दिवसांत ओसरतं, काहींना जास्त वेळ लागतो. पण डॉक्टरांना आजच स्पष्ट सांगा, ‘हे असं आधी कधी नव्हतं’. राउंडला ते सकाळी येतात, तेव्हा सासरे शहाण्यासारखं बोलत असतात, त्यामुळे संध्याकाळचं त्यांच्या कानावर जातच नाही.

तुमच्या हातात बरंच आहे. चष्मा न्या. कानाचं यंत्र असेल तर ते आणि त्याचे सेल न्या. आयसीयूत चालत असेल तर भिंतीवरचं साधं घड्याळ आणि मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर न्या, दिसेल असं ठेवा. दर वेळी गेल्यावर सांगा : "बाबा, मी तुमची सून, आज गुरुवार, दुपारचे चार वाजलेत, तुम्हाला न्यूमोनिया झालाय." भेटायला रोज नवी माणसं पाठवू नका, ओळखीचा एकच चेहरा जाऊ दे. चोरीच्या आरोपावर वाद घालू नका, ‘घड्याळ ॲडमिट करताना काढलं, कपाटात आहे’ एवढं सांगा आणि विषय बदला. घड्याळ आणून हातात दिलंत तरी चालेल, मी एका आजोबांना त्यांची जपमाळ दिली होती, ते मणी मोजत राहिले आणि नळीकडे हात गेला नाही. हात बांधण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, किती वेळ, आणि कुणी जवळ बसलं तर सोडता येतील का. आमच्याकडे आम्ही सोडायचो.

एक नाजूक गोष्ट. सासरे रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हुबेहूब असाच भ्रम होतो आणि त्याचे उपचार वेगळे. घरातले लाजेने लपवतात, आणि मुलगा सुनेसमोर बापाचं सांगत नाही. तुम्हीच बाजूला घेऊन सांगा.

आणि ते चोर म्हणतात तेव्हा समोर उभी दिसणारी बाई त्यांच्या लेखी तुम्ही नसता. २२ वर्षांचा हिशोब त्यांच्या संध्याकाळच्या शब्दांवर मांडू नका.

प्रश्न : आईला पक्षाघात झालाय. वॉर्डात रात्रीसुद्धा दर दोन तासांनी तिची कूस बदलतात, झोप मोडते. हे थांबवायला सांगू का? (माहीम)

उत्तर : नका सांगू. ज्या बाजूला हालचाल नाही तिथे हाडाखालची कातडी दाबून राहते, रक्त पोचत नाही आणि जखम सुरू होते. माकडहाडावर पडलेली शय्याव्रणाची जखम महिनोन् महिने भरत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिलं नाही, हे आमच्या पेशातल्या प्रत्येकीला माहीत आहे. ते दुसऱ्या कशाने नाही, या कूस बदलण्याने. उलट तुम्हीही शिकून घ्या, घरी हे तुम्हालाच करायचंय. आणि चादरीला सुरकुती ठेवू नका.

प्रश्न : सिस्टर लोक एवढ्या तुसड्या का असतात? (कुर्ला)

उत्तर : सगळ्या नसतात. मी होते.

माझ्यापुरतं सांगते. एकच प्रश्न एका पेशंटचे पाच नातेवाईक पाच वेळा विचारतात, पाचव्याला मी तोडून बोलायचे. पाचव्याने तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. घरातल्या एकालाच प्रश्न विचारायचं काम द्या, त्याने वहीत लिहून ठेवावं आणि बाकीच्यांनी त्याला फोन करावा. याने निम्मा तुसडेपणा कमी होतो.

उरलेल्या निम्म्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आठवण आहे. २६ जुलै २००५ला मी ड्युटीवर होते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. चारला भेटायला आलेली माणसं घरी जाऊच शकली नाहीत, आणि पुढच्या ड्युटीच्या मुली पोचल्या नाहीत. तळमजल्यावर पाणी शिरलं. ज्यांना मी साडेचारला "एका खाटेशी एकच थांबा" म्हणून झापलं होतं, त्यांनीच चादरीची झोळी करून खालचे पेशंट जिन्याने वर आणले. एक बेस्टचे कंडक्टर होते, त्यांनी रात्रभर बेडपॅन दिले आणि साफ केले, ओळख ना पाळख. सकाळी मी त्यांना चहा दिला, तर म्हणाले, "काल तुम्ही मला हाकललंत." मी म्हटलं, आजही चार वाजता हाकलणार आहे. हसले. पण त्यानंतर मी हाकलताना आधी नाव विचारायला लागले.

हातापायीवर येऊ नका मात्र. महाराष्ट्रात २०१०च्या कायद्याने रुग्णालयातल्या माणसांवर हात उगारणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी करा, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, तारीख, वेळ आणि वॉर्ड घालून. ‘सिस्टर उद्धट आहेत’ या तक्रारीचं काही होत नाही. ‘अमुक तारखेला रात्री ११ ते १२ तीनदा सांगूनही वेदनाशामक दिलं नाही’ याचं होतं.

प्रश्न : सुनेच्या बाळंतपणात मावशीने मुलगा झाला म्हणून ५०० रुपये मागितले. शेजारणीला मुलगी झाली, तिच्याकडे २०० मागितले. देऊन टाकावेत ना? बाळाला काही करतील म्हणून भीती वाटते. (भांडुप)

उत्तर : नका देऊ. मुलग्याचा आणि मुलीचा दर वेगळा हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि नवल मुळीच वाटलं नाही. माझ्याच नोकरीत हे चालायचं. मी दोनदा तक्रार पुढे पाठवली आणि बाकी वेळा न पाहिल्यासारखं केलं. का, तर मावशी रुसल्या की बेडपॅन द्यायला कुणी नसायचं. बरीचशी माणसं कंत्राटी, पगार महिना-महिना लांबलेला. म्हणून बाळंतिणीच्या सासूची पर्स उघडायची असं नाही.

बाळाला काही करत नाहीत, एवढं खात्रीने सांगते. "सिस्टरना विचारून देते" असं मोठ्याने म्हणा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नाही संपला तर मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठांकडे जा. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात कुणी अडवून पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आनंद वाटायचाच असेल तर घरी जाताना पेढ्यांचा एक पुडा सिस्टरच्या टेबलावर ठेवा, सगळ्यांसाठी. आणि मुलगी झालेल्या शेजारणीलाही एक द्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला आजोबांना भेटू देत नाहीत. दोघंही रडतात. (मुलुंड)

उत्तर : मुलं खोकला-ताप घेऊन येतात आणि घेऊनही जातात, म्हणून नियम. पण सरसकट नियमाच्या मी बाजूची नाही. आजोबा साध्या वॉर्डात असतील, साथीचा आजार नसेल आणि नातू ठणठणीत असेल, तर सिस्टर इन्चार्जना आदल्या दिवशी विचारा. दहा मिनिटं व्हरांड्यात व्हीलचेअरवर भेट घडवता येते. भेटीच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, साबणाने ४० ते ६० सेकंद. नातवाला बडबडगीत म्हणत धुवायला सांगा, तो मोठ्यांपेक्षा नीट धुतो.

प्रश्न : डॉक्टरांनी सकाळी नऊला ‘घरी जा’ म्हटलं, आम्ही संध्याकाळी सातला निघालो. विम्याची मंजुरी आली नव्हती. वर त्या दिवसाचं खोलीभाडं लावलं. (बोरिवली)

उत्तर : माझ्या गुडघ्याच्या वेळी साडेसहा तास लागले, आणि मी नर्स आहे हे सगळ्यांना माहीत होतं. विमा नियामकाने २०२४ साली ठरवून दिलंय की रुग्णालयाने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, आणि तिच्या उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीने सोसायचं. घोळ ‘विनंती पाठवल्यापासून’ या शब्दांत आहे. रुग्णालय ती दुपारी दोनला पाठवतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच विम्याच्या टेबलावर सांगून ठेवा, आणि विनंती किती वाजता गेली ते लिहून घ्या. ती वेळ घालून विमा कंपनीला भाड्याबद्दल पत्र टाका.

वाट पाहत बसलाच आहात तर डिस्चार्ज कार्ड वाचा. नाव, वय, आणि उजवी बाजू की डावी. मग औषधं : घरातल्या जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या चालू, कुठल्या बंद, हे विचारून त्यावरच लिहून घ्या. रक्तदाबाची जुनी गोळी आणि कार्डावरची नवी गोळी, नावं वेगळी आणि औषध एकच, असं दोन्ही घेऊन चक्कर येऊन पडलेले लोक आठ दिवसांत परत ॲडमिट होताना मी पाहिलेत. संपूर्ण केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज करा. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे ते मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत.

प्रश्न : उद्यापासून आईजवळ रात्री मी थांबणार आहे. काय काय न्यावं? (परळ)

उत्तर : सतरंजी, शाल (पंखा तुमच्याच डोक्यावर असतो), पाण्याची बाटली, वही-पेन, आईच्या सगळ्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसकट, आधारकार्ड आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, सुटे पैसे. आईसाठी मागून घट्ट बसणारी चप्पल. साधी स्लीपर नको, ओल्या फरशीवर तीच घात करते. रात्री उठवताना तिला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, मगच उभी करा. फळांची सालं पिवळ्या किंवा लाल डब्यात टाकू नका, ते जंतू लागलेल्या कचऱ्याचे आहेत. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला सहसा थांबू देत नाहीत. पत्रात तुम्ही ‘थांबणार आहे’ लिहिलंय, त्यावरून तुम्ही मुलगा की मुलगी ते कळलं नाही. मुलगा असाल तर बहिणीला आजच फोन करा. आणि चार्जरची वायर लांब घ्या, प्लग नेहमी पलंगाच्या मागे असतो.